बारक्याचा हात आणि मास्तरांची कुरकूर

आमच्या भागातल्या कुणालाही विचारा, हमामाच्या भट्टीवर कोण असतं. सांगतील, बारक्या. आणि बारक्या कुणाचा भाऊ, तेही सांगतील, कारण ते मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. त्याला तिथं लावला मी. मी गॅरेजात इंजिनं खोलायचो. हमामाच्या मालकीणबाईंच्या नवऱ्याची एक जुनी गाडी होती, ती भल्याभल्यांना दाद देत नव्हती. ती मी चालू करून दिली. बदल्यात काय हवं म्हणून साहेबांनी विचारलं, तर म्हटलं, मला काही नको, माझ्या धाकट्याला भट्टीवर घ्या.

आता त्याचे केस पिकलेत, गुडघे वाजतात, तरी तो बारक्याच. लहानपणी हा सदा गारठलेला. घरात चूल पेटली की पाठ लावून बसायचा, आई म्हणायची, हा कुठं दिसला नाही की राखेजवळ बघा. शाळा दोघांनीही अर्ध्यात सोडली. मी सातवीत, त्यानं सहावीत. तेवढा फरक मी जन्मभर राखलाय.

आमचा हमाम कसा आहे ते सांगतो. आत शिरलं की बोळ, भिंतीला खुंट्या, तिथं कपडे टांगायचे. मग कढत पाण्याच्या वाफेची खोली, तिथं मऊ माणसं बसतात. त्याच्या पुढं खरी जागा, लाकडाची कोरडी खोली. पायऱ्यांसारख्या तीन फळ्या, कोपऱ्यात भट्टी, भट्टीवर दगडांचा ढीग. भट्टीचं तोंड मागच्या बाजूला, म्हणजे धूर आणि कचरा आत येत नाही. बारक्या मागून लाकूड घालतो, मग वळसा घालून पुढं येतो, खोलीचं दार जरासं उघडतो आणि डावा हात कोपरापर्यंत आत घालतो. हाताची आतली बाजू वर, डोळे मिटलेले. बाळाच्या आंघोळीचं पाणी आई बघते ना, तसं. मग म्हणतो "अजून", नाहीतर म्हणतो "झालं". झालं म्हटलं की लांब दांड्याचा तांब्या घेऊन आत येतो, दगडांवर पाणी मारतो आणि फडकं फिरवून ती वाफ सगळ्यांच्या पाठीवर सोडतो. दुसऱ्या कुणी तांब्याला हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही.

आणि हवा बघून सगळं बदलायचं. धुकं असलं की लाकूड ओलसर, वाफ खालीच रेंगाळते, तेव्हा पाणी कमी. कोरडा गार वारा सुटला की आग जास्त, पाणीही जास्त. पावसात लोक भिजून येतात, खोलीला धोब्याच्या दुकानाचा वास येतो, तेव्हा नुसती कोरडी धग. भर उन्हाळ्यात लोक विचारतात, आधीच अंगाची लाही होतेय, त्यात ही हौस कुणाला. अरे, तेव्हाच तर जायचं. वरच्या फळीवर बसून बाहेर आलं की रस्त्यावरचं ऊनसुद्धा गार लागतं. पण माझं विचाराल तर कडाक्याची थंडी. वरच्या फळीवर बसायचं, जीव नाकाशी आला की उठायचं, थंड पाण्याच्या हौदात बुडी मारायची, आणि अंगणातल्या बाकावर तसंच उघडं बसायचं. खांद्यातून वाफा निघत असतात. मफलर गुंडाळलेली माणसं कुंपणापलीकडून बघत जातात. बघू दे. वरच्या फळीवर माझ्याइतका टिकणारा माणूस ह्या हमामात अजून आलेला नाही. हे मी म्हणत नाही, पोस्टमन म्हणतो.

आता मूळ गोष्ट. ह्या थंडीत बारक्याचं काहीतरी बिनसलं.

पहिली तक्रार केली टेलरमास्तरांनी. त्यांची तक्रार म्हणजे काही नवी गोष्ट नाही. मास्तरांची कातडी कागदाची. खालच्या फळीवर बसणार, डोक्यावर ओला टॉवेल घेणार, आणि थोड्या वेळानं, "जरा जास्त आहे हो." रोज. कितीही वर्षं झाली, तेच. मी एकदा विचारलं, "मास्तर, इस्त्री तुम्ही करता की इस्त्री तुम्हाला करते?" सगळे हसले. मास्तर म्हणाले, "दादा, तुमच्यासारखी जाड कातडी असती तर मी ताडपत्र्या शिवल्या असत्या." त्यावर कोणी हसलं नाही. म्हणजे एकदोघं हसले.

पण एका धुक्याच्या सकाळी खोली खरोखर भाजून निघाली. मास्तर गेले, ते जाणारच होते. मधल्या फळीवरचे गेले. पोस्टमन कान धरून बाहेर पळाला. राहिलो मी एकटा. नाकातला श्वास चरचरत होता, पण वरच्या फळीवर तेवढं चालायचंच. मी माझ्या वेळेनं उठलो, माझ्या वेळेनं बाहेर आलो, आणि मालकीणबाईंसमोर मोठ्यानं म्हटलं, "झकास."

पोस्टमन म्हणाला, "ह्यांचं काय ऐकता बाई. हे सायलेन्सरजवळ वाढलेत."

दुसऱ्या दिवशी खोली कोमट. अगदी कोमट. लोक बसून राहिले आणि घाम काही येईना. एकानं विचारलं, स्वेटर घालून बसू का. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारक्याकडे गेलो तर हा लाकडं रचतोय. म्हटलं, "काय चाललंय तुझं?"

"काल जास्त झालं होतं ना, म्हणून आज हात आखडता घेतला."

"मग तुझा हात काय सांगत होता?"

"हात..." एवढंच म्हणाला आणि लाकूड उचलून गेला.

त्या आठवड्यातच पुन्हा भट्टी पेटली म्हणजे पेटलीच, आणि टेलरमास्तर दारातच कोसळले. लोकांनी उचलून अंगणात आणलं, नळाखाली डोकं धरलं. शुद्धीवर येऊन पहिलं वाक्य काय, "जरा जास्त होतं हो."

मालकीणबाई कमरेला किल्ल्या वाजवत आल्या. त्या एरवी गल्ल्यावरून उठत नाहीत. बारक्यासमोर उभ्या राहिल्या आणि हळूच बोलल्या, त्यामुळे जास्त लागलं.

"बारक्या, साहेब होते तेव्हापासून मी तुला एक शब्द बोललेली नाही. पण आता पुन्हा असं झालं तर मी विजेची, बटणाची भट्टी बसवणार. कंपनीचा माणूस येऊन भिंत मोजून गेलाय. तू मग टॉवेल वाटायला बस."

टॉवेल. बारक्या टॉवेल वाटणार, जो बारक्या आकाश बघून सांगतो आज किती फुंकायचं. मी पुढं झालो. म्हटलं, "बाई, मास्तर उपाशीपोटी आले होते. उपाशी माणसाला बसमध्येसुद्धा भोवळ येते." मास्तर म्हणाले, "मी जेवून आलो होतो." म्हटलं, "मग जास्त जेवला असाल." मी सगळ्यांशी एकटा भांडतोय, घसा कोरडा करतोय, आणि ज्याच्यासाठी भांडतोय तो कुठं आहे म्हणून वळून बघितलं, तर बारक्या मास्तरांच्या डोक्याखाली ठेवायला टॉवेलची घडी घालत होता. आता ह्याला काय म्हणायचं. पालथ्या घड्यावर पाणी.

रात्री जेवायला त्याच्याकडेच होतो. त्याची बायको, तिला आम्ही धाकटी म्हणतो, ती वाढत होती. वाढता वाढता तिचा हात थांबला.

"अहो, हे काय झालं हाताला?"

बारक्याच्या डाव्या हाताला, कोपराच्या खाली, रुपयाएवढा फोड. पाण्यानं टरारलेला. बारक्यानं तो असा बघितला, जसा शेजाऱ्याच्या हातावरचा बघावा.

"लागलं असेल कुठंतरी."

"असेल म्हणजे? तुम्हाला कळलं नाही?"

"कामात होतो."

धाकटी माझ्याकडे बघायला लागली. "भाऊजी, तुम्ही तरी विचारा."

मी चहा मागितला. कढत चहाचा ग्लास आला, तो मी बारक्याच्या हातावर टेकवला, आतल्या बाजूला, जिथं तो दारातून हात घालून बघतो तिथं. "काय लागतंय?"

"ग्लास."

"गरम?"

त्यानं डोळे मिटले, खोलीच्या दारात मिटतो तसे. "ग्लास लागतोय, दादा."

धाकटीनं ग्लास हिसकावून घेतला. हातावर लाल गोल उठला होता.

सकाळी डॉक्टरकडे नेला. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं वाकून लाकडं उचलली, मानेतली नस दबलीय. दुसरं काही नाही, जिवाला धोका नाही, पण हाताची जाणीव काही परत यायची नाही. डावा गेलाच, उजवाही त्याच वाटेवर. मी म्हटलं, "डॉक्टर, गोळी द्या." ते म्हणाले, "गोळीनं नस उलगडत नाही." मग फी कशाची घेता, हे मात्र मी मनात म्हटलं.

येताना रस्त्यात मी त्याला उपाय सांगत होतो. "तोंड घालून बघ."

"तोंडाला सगळंच गरम लागतं."

"मग पाय."

"पायांची कातडी टाचेसारखी झालीय सगळी." मग थोडं चालून म्हणाला, "मालकीणबाईंना सांगून टाकतो."

"खबरदार," म्हटलं. "आपलं दुखणं आपल्या घरात. उद्यापासून लोक यायच्या आधी मी आत बसतो. मी सांगेन तुला किती झालं. माझ्याइतकी धग ओळखणारा आहे कोण?"

बारक्यानं माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा हो म्हणतो, असं मी आजवर धरून चाललोय.

दुसऱ्या दिवशी कोरडा गार वारा सुटला होता. अशा दिवशी भट्टीला जोर लागतो. मी वरच्या फळीवर जाऊन बसलो. बाहेर वारा पत्र्यावर शिट्ट्या मारत होता आणि आत माझी पाठ हळूहळू सैल होत होती. खरं सांगू, ह्याच्यासारखं सुख नाही. दाराच्या फटीतून बारक्याचा आवाज.

"दादा, कसंय?"

"घाल अजून."

तो मागं गेला, लाकूड पडल्याचा आवाज आला. परत आला.

"आता?"

"घाल."

"बघ हं."

"अरे घाल रे."

मग धग आली ती अशी आली, की केसांची मुळं कळायला लागली. ओठांना जीभ लावली तर जीभ पोळली. पण मी कोण? मी "घाल अजून" म्हटलेलं होतं. खाली उतरलो तर बारक्याच्या भट्टीला मीच नावं ठेवल्यासारखं. आणि पोस्टमन बोळात येऊन उभा राहिलेला, त्याचा आवाज ऐकू येत होता. तेवढ्यात पुन्हा, "दादा, कसं?"

"उत्तम," म्हटलं. एवढाच शब्द निघाला.

दार धाडकन उघडलं. बारक्या कपड्यांसकट आत आला. खोलीतली धग दारातून बाहेर गेली तसा पोस्टमन दोन पावलं मागं सरला. बारक्यानं वर बघितलं. मी बसलो होतो त्या फळीतून डिंक बाहेर येऊन बुडबुडत होता.

"दादा, उठ."

"मला काही झालेलं नाही."

"तेच म्हणतोय मी. तुला कधीच काही झालेलं नसतं." त्यानं माझ्या दंडाला धरलं. ज्या हातानं धरलं त्या हाताला माझं अंग किती तापलंय ते कळत नव्हतं, आणि तरी त्याला कळलं होतं. मला बाहेर आणून बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि समोर उकिडवा बसला.

"हे तुझ्याच्यानं व्हायचं नाही, दादा. मला लागत नाही, आणि तुला लागलेलं तू बोलत नाहीस. दोघं मिळून आपण कुणाचा तरी जीव घेऊ."

आजवर त्यानं मला नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "तुला इथं कुणी लावला?"

"तू लावलास."

"मग?"

"मग राहू दे ना मला इथं." असं म्हणाला, शर्ट झटकला आणि रस्त्याला लागला. भट्टी तशीच सोडून. हे त्यानं कधी केलेलं नाही.

मी टॉवेल गुंडाळून कुंपणापर्यंत गेलो. हमामासमोरच मास्तरांचं दुकान. काचेतून सगळं दिसत होतं. बारक्यानं बाही वर केली आणि हात कापायच्या टेबलावर ठेवला, कापड ठेवावं तसा. मास्तरांनी चष्मा वर ढकलला. मग सुई घेतली आणि हळूच टोचली. बारक्या हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी सुई पुन्हा उशीत खोचली आणि ते बराच वेळ बारक्याचं ऐकत राहिले. आमच्या घरातली गोष्ट, आणि ती बारक्या कुणाला सांगतोय, तर ज्या माणसाला माझ्या भट्टीनं भोवळ येते त्याला. मला इतका राग आला की थंडी वाजलीच नाही.

दोघं मिळून आले. बारक्या थेट गल्ल्यापाशी गेला आणि सगळ्यांसमोर बोलला. हात गेलाय म्हणाला. डॉक्टरनं सांगितलेलं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. मालकीणबाईंनी गल्ला लावून घेतला.

"मग रे? गरम किती झालं, हे सांगणार कोण?"

"मास्तर."

बोळातले सगळे हसले. पोस्टमन तर भिंतीला टेकला. बारक्यानं हसणं संपू दिलं, मग म्हणाला, "बाई, इतकी वर्षं मी बघतोय. थंडी असो, पाऊस असो, खोली एका ठरावीक धगीला आली की मास्तर म्हणतात, जरा जास्त आहे. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. ह्या थंडीत माझा हात चुकला. मास्तरांची कुरकूर चुकली नाही. ज्या दिवशी ते पडले त्या दिवशीसुद्धा ते आधी बोलले होते. मीच ऐकलं नाही, कारण त्यांचं कुणी ऐकतच नाही."

हे शेवटचं बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. पण बाकी सगळे बघत होते.

मास्तर म्हणाले, "मी दुकान उघडायच्या आधी येऊन बसेन. मला बसता आलं तर सगळ्यांना बसता येईल."

मी म्हटलं, "म्हणजे आता हा हमाम मास्तरांच्या कातडीवर चालणार?"

मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्या कातडीवर चालवून बघितलाच की नुकता. बाहेरपर्यंत वास आला." आणि बारक्याला म्हणाल्या, "कंपनीच्या माणसाला मी थांबायला सांगते. भट्टी तुझ्याकडे. पण मास्तर हो म्हणेपर्यंत आत कुणी जाणार नाही. कुणी म्हणजे कुणीच."

तेव्हापासून हे असं चाललंय. थंडी संपली, उन्हाळा लागला. बाहेर गरम वारा तोंडावर राख फेकल्यासारखा येतो, आणि मी, वरच्या फळीचा माणूस, टॉवेल खांद्यावर टाकून बोळात उभा. आत मास्तर एकटे. गुणगुणत असतात, तेही बेसूर. बारक्या दाराशी कान लावून. मध्येच विचारतो, "मास्तर?"

"थांबा. अजून मानेपर्यंत आलं नाही."

मी म्हणतो, "माप घेताय का, मास्तर?" पोस्टमनसुद्धा हसत नाही हल्ली. शू म्हणतो मला. मला.

मग आतून येतं, "जरा जास्त आहे हो," आणि बारक्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरतं की सख्ख्या भावालाही हेवा वाटावा. तो मागं जातो, वरच्या फळीसाठी म्हणून एकच लाकूड घालतो, हवेची झडप फिरवतो, तांब्या उचलतो. आणि आत गेल्यावर, नाही म्हणायला जागा नाही, धग बरोबर असते. पूर्वी असायची तशी. खांद्यांतून शिरते आणि टाचांतून निघते. हे मी बारक्याला बोललेलो नाही. त्याला माहीत असणार, मी काही न बोलता बसतो त्यावरून.

परवा मात्र कहर झाला. भर दुपार, बाहेर डांबर चिकटत होतं. आतून "जरा जास्त आहे" आलं, बारक्यानं मान हलवली, मी आत शिरलो आणि बघतो तर मास्तर खालच्या फळीवर नाहीत. वर. माझ्या जागेवर, भिंतीच्या कोपऱ्यात, डोक्यावर तो ओला टॉवेल, तोंड लालबुंद, आणि उतरायचं नाव नाही.

"मास्तर, उतरा."

"सवय होतेय, दादा, हळूहळू. या ना, बसा. जागा आहे."

"तुम्हाला सवय झाली तर बारक्याचं काय होईल, ह्याचा विचार केलाय? उद्या तुमची कातडी निबर झाली तर तो कुणाला विचारणार?"

मास्तरांनी डोक्यावरचा टॉवेल सारखा केला. "म्हणून तर आधी खाली बसतो. कुरकूर खालूनच करतो. वर चढतो ते नंतर, आपल्या हौसेनं."

मी दारातच उभा. त्यांना हाताला धरून उतरवणारच होतो, तेवढ्यात मागून बारक्या ओरडला.

"दादा, दार लाव आधी. सगळी धग चाललीय."

मी दार लावलं. आत येऊन लावलं, आणि मास्तरांच्या नेहमीच्या खालच्या फळीवर बसलो.